मिरचीच्या पारख्याची लेक

रविवार, ११ डिसेंबर १९६६
नंदुरबार

आज पथारीवर नवा माल पसरला. गावाबाहेरच्या माळावर नजर पोचेल तिथपर्यंत मिरची वाळत पडली आहे. परगावचा माणूस आला की नाकाला रुमाल लावतो आणि शिंकत परत जातो. मला मात्र मिरचीची ही खाट, हा ठसका, नाकात गेल्याशिवाय जेवण गोड लागत नाही.

बाजारातले अडते चुनीलालशेठ सुरतेच्या एका व्यापाऱ्याला घेऊन आले होते. व्यापारी नवखा. एकेक मिरची उन्हात धरून डोळे बारीक करून बघत बसला. मला हसू आलं. मिरची बघायची नसते. मूठभर घेऊन कानाशी हलवायची, आत बी वाजलं पाहिजे. देठ मोडायचा, नखाने चिरायची, हुंगायची. डोळ्यांनी काय, कोणीही बघतं. मी सगळे ढीग असे पारखले आणि भिकन नेहमीसारखा मागून बडबडत होता, "हाई लालबुंद शे नाना, हाई जराशी हिरवट शे." भिकन माझ्या हमालांचा मुकादम. लहानपणापासून माझ्याबरोबर आहे आणि तेव्हापासून त्याच्या तोंडाला कुलूप नाही. मी त्याला कधी गप्प बस म्हणत नाही. त्याची बडबड चालू असली की माझा हात चांगला चालतो. शेवटी व्यापारी म्हणाला, गिरधरभाई, तुमच्यासारखी नजर आमच्या सुरतेत नाही.

ही बाजारातली गोष्ट झाली. घरची त्याहून मोठी आहे. प्रमिला, माझं शेंडेफळ, धुळ्याला बी.एस्सी. होऊन इथल्या कन्याशाळेत शिकवते. आज जेवताना म्हणाली की मुंबईत पदवीनंतरचा एक नवा वर्ग निघाला आहे, दोन वर्षांचा. आईबापांकडून लेकरांत काय उतरतं, कोणता आजार कोणाच्या वाट्याला येऊ शकतो, हे शिकायचं आणि मग घरोघरच्या माणसांना नीट समजावून सांगायचं. अर्ज करू का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, खाण तशी माती, हे आम्हालाही ठाऊक आहे, त्याला दोन वर्षं कशाला?

ती म्हणाली, "नाना, खाणमा काय शे, ते मातीले कोन सांगी?"

मला निरुत्तर करणारी या घरात ती एकटीच. तिची आई, सुगंधा, चुलीपुढून पुटपुटली की पोरीचं वय शिकण्याचं नाही, उजवण्याचं आहे. मी म्हटलं, दोन्ही होईल. आमच्या पंचक्रोशीतली एकही मुलगी अजून शिकायला मुंबईला गेलेली नाही. माझी जाईल.

बुधवार, २१ डिसेंबर

अर्ज वाटतो तितका सोपा नाही. त्याच्याबरोबर एका खऱ्या घराण्याचा वंशवृक्ष हवा, तीन पिढ्यांचा, आणि त्यात एखादी गोष्ट पिढीतून पिढीत कशी उतरली ते दिसलं पाहिजे. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. ज्याच्यात ती गोष्ट असेल त्याची आकृती शाईने भरायची. खाली त्या घरच्या माणसाची सही, की हे खरं आहे आणि माझी हरकत नाही. सहीशिवाय अर्ज घेतच नाहीत. मुदत फेब्रुवारीअखेर.

प्रमिलाने विसरवाडीचं एक घर शोधून ठेवलं होतं. त्या घरात दर पिढीत कोणाच्या तरी हाताला सहावं बोट असतं. तिला एकटीला कशाला पाठवा, म्हणून आज मीही एस.टी.ने गेलो. माणसं चांगली. चहा दिला, बोटं दाखवली, हसली. पण प्रमिलाने सहीचं नाव काढलं तशी घरातली म्हातारी उठली आणि तिने आमच्या बुडाखालचं घोंगडं ओढून घडी करायला घेतलं. नात लग्नाची आहे, कागदावर चढलं तर तिला करणार कोण, असं तिचं म्हणणं. आम्ही तसेच परतलो.

येताना मी गाडीभर ऐकू जाईल असा तापलो होतो. सहावं बोट म्हणजे काय चोरी आहे? देवाने दिलं ते दिलं. माझ्या घरात असं काही असतं तर मी सही करून तो कागद चौकात लावला असता. प्रमिला माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली आणि मग खिडकीबाहेर बघू लागली. बिचारी दमली असावी.

मंगळवार, ३ जानेवारी १९६७

घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं. आज खापरहून जावई आले. थोरली जमना तिकडे दिली आहे. तिचा छगन रेल्वेत इंजिनावर क्लीनर म्हणून लागणार होता, पुढे फायरमन, मग ड्रायव्हर. भुसावळच्या तपासणीत डॉक्टरने त्याला नापास केलं. डोळ्यांत खोट आहे म्हणे. पोरगा आडदांड, चांदण्यात वाट काढतो, त्याच्या डोळ्यांत कसली खोट?

आणि दोष कोणाला, तर माझ्या जमनाला. तिची सासू फुलवंताबाई म्हणते, छगन पोटात असताना जमनाने ग्रहण पाळलं नाही, विळ्यावर भाजी चिरली. अठरा वर्षांपूर्वीची भाजी आज निघाली. जमनाला आता पंक्तीत वाढू देत नाहीत, घरच्या कार्यात पुढे येऊ देत नाहीत. जावई खाली मान घालून सांगत होते. मी म्हटलं, आमच्या घराण्यात खोट नाही. नंदुरबारच्या बाजारात जाऊन विचारा, गिरधर पारख्याची नजर कशी आहे.

प्रमिलाने जावयांना बरंच खोदून विचारलं. डॉक्टरने काय दाखवलं, छगन काय म्हणाला. त्यांना काहीच सांगता आलं नाही. छगन शरमेने त्याबद्दल बोलत नाही.

मंगळवार, १० जानेवारी

आज मजा झाली. प्रमिलाने डोळ्यांच्या डॉक्टरांकडून एक पुस्तक उसनं आणलं. पानापानावर रंगीत ठिपके, आणि त्या ठिपक्यांत लपलेले आकडे. छगनला असलंच काही दाखवलं असेल असं तिला वाटतं. सुगंधाला दाखवलं, तिने शाळेत जेवढे अंक शिकली होती तेवढे ओळखले. मग मी म्हटलं, आण इकडे.

मी धडाधड वाचत गेलो. एक-दोन पानं छपाई खराब असल्यामुळे रिकामीच होती, ती सोडली. काही ठिकाणी सुगंधाने वाचलेल्यापेक्षा माझा आकडा वेगळा आला, पण तिचं अंकज्ञान मला माहीत आहे. खरी गंमत पुढे. एक पान असं होतं की त्यावर सुगंधाला काही दिसेना, प्रमिलालाही काही दिसेना. मी एका दमात सांगितलं, पंचेचाळीस! मायलेकी बघतच राहिल्या. उतारवयात ही नजर आहे माझी. तरण्या बी.एस्सी. मुलीला जे दिसत नाही ते मला दिसतं.

प्रमिलाने पुस्तक मिटलं आणि पदरात गुंडाळलं. मी विचारलं, मग, तुझ्या नानांना किती मार्क? ती म्हणाली, पैकीच्या पैकी. पण तिचा आवाज बसला होता. खाट बाधली असेल, वारं पथारीकडून होतं.

संध्याकाळी बाजारात चारचौघांना पंचेचाळीसची गोष्ट सांगितली. भिकन पहिल्यांदाच काही बोलला नाही.

रविवार, १५ जानेवारी

काल संक्रांत. सुगंधासाठी मी स्वतः दुकानातून हिरवी साडी आणली. तिने मुकाट्याने नेसली आणि शेजारणी म्हणाल्या, लाल रंग खुलतो तुम्हाला. दुकानात दिव्याच्या उजेडात त्या लबाडाने दुसरीच बांधून दिली. मी भांडायला निघालो होतो, सुगंधाने जाऊ दिलं नाही. म्हणाली, लालच आवडते.

शहाद्याहून प्रमिलाला स्थळ आलं आहे. मुलगा वकील, घरची कापसाची शेती. पुढच्या महिन्यात येतो म्हणाले.

शनिवार, २८ जानेवारी

प्रमिलावर मी आज चिडलो. मुदत जवळ आली आणि वंशवृक्षाचा पत्ता नाही. विसरवाडीला ती पुन्हा दोनदा जाऊन आली, म्हातारी काही बधत नाही. मी म्हटलं, दुसरं घर शोध, जगात घराण्यांना तोटा आहे का? ती म्हणाली, घर आहे, पण तिथे विचारता येत नाही. मी म्हटलं, कोणाचं ते सांग, मी विचारतो, मला कोणी नाही म्हणत नाही. ती उठून पाणी भरायला गेली. घागर आधीच भरलेली होती.

एवढी हुशार मुलगी आणि वेळेला अशी डगमगते. हे तिने आईकडून घेतलं. मुंबई हातची गेली तर मी बाजारात तोंड कसं दाखवू? सगळ्यांना सांगून बसलो आहे.

रविवार, ५ फेब्रुवारी

आज खापरला गेलो होतो. जे झालं ते जसं झालं तसं लिहितो.

जमनाचा छळ ऐकून ऐकून माझं डोकं तापलं होतं. व्याह्यांच्या ओट्यावर बाजाराच्या दिवसासारखी माणसं जमली होती. मी ठरवूनच आलो होतो की आज चारचौघांत सोक्षमोक्ष लावायचा. फुलवंताबाई दारातून म्हणाल्या, "गऱ्हानमा इया हातमा लिधा तिनी. मी तवयच सांगेल व्हतं."

मी म्हटलं, ग्रहणाची गोष्ट सोडा, खोट आली असेल तर तुमच्याकडून आली असेल. मग मी माझ्या नजरेचं पुराण लावलं. सुरतेचा व्यापारी काय म्हणाला ते सांगितलं. ठिपक्यांच्या पुस्तकाची गोष्ट सांगितली, आणि पंचेचाळीसशी येऊन थांबलो. बी.एस्सी. मुलीला दिसला नाही तो आकडा मला दिसला, आता बोला.

छगन खांबाला टेकून उभा होता. महिन्याभरात तो कोणाशी बोलला नव्हता. तो हळूच म्हणाला, "नाना, मालेबी तठे पंचेचाळीसच दिसनात. डागतर म्हने, जेले हाऊ आकडा दिसस, तेले इंजिनवर घेतस नही."

ओट्यावर कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

भिकनची बडबड, सुगंधाची साडी, प्रमिलाचा बसलेला आवाज, सगळं एकामागून एक माझ्यासमोर येऊन बसलं. भुसावळचा डॉक्टर मूर्ख आहे असं म्हणून मी उठू शकलो असतो. ते शब्द तोंडात आलेही होते. पण दाराच्या आड जमना उभी होती, परक्या घरात उभी राहावी तशी. स्वतःच्या घरात, एवढ्या मोठ्या मुलाची आई.

मी म्हटलं, "गऱ्हान नही, याहीनबाई. मी शे. पोऱ्याना डोयास्मा मी शे."

फुलवंताबाई म्हणाल्या, मग दोष तुमच्याच घरचा. मी म्हटलं, आहे. माझा आहे, जमनाचा नाही. व्याही जरा वेळाने म्हणाले, चहा टाका. आणि चहा घेऊन जमना बाहेर आली. सगळ्यांसमोर ओट्यावर आली, एकेकाला कप दिला. मला देताना तिने माझ्याकडे पाहिलं आणि मला रडू आलं. मी खाट लागल्यासारखं केलं, पण खापरला मिरची कुठली?

सोमवार, ६ फेब्रुवारी

आज बाजारात गेलो नाही. घरात बसून एकेकाची तपासणी घेतली.

सुगंधाला विचारलं, तुला कधीपासून माहीत? म्हणाली, लग्नाच्या पहिल्याच वर्षी. मळ्यातून पिकलेले टमाटे आणा म्हटलं तर मी सगळे हिरवे आणले. मग सांगितलं का नाहीस? "माले वाटनं, माणसेस्ले इतलंच समजस." तीस-पस्तीस वर्षं ही बाई समस्त पुरुषजातीला माझ्यावरून मोजत होती.

भिकनला बोलावून घेतलं. तो म्हणाला, पहिल्या हंगामातच त्याच्या ध्यानात आलं. मी हिरवा ढीग लाल म्हणून तोलायला निघालो होतो, त्याने घाईघाईने रंग मोठ्याने सांगितला, आणि मी हात दुसऱ्या ढिगाकडे वळवला. तेव्हापासून तो बोलतोच आहे. आता कळलं की त्याच्या तोंडाला कुलूप का नव्हतं. मला त्याचा राग यायला हवा होता. मी त्याला जेवायला थांबवून घेतलं.

प्रमिलाने शाळेतून आल्यावर सगळं समजावून सांगितलं. रागावून नाही, कीव करूनही नाही. माझ्यासारख्याला लाल आणि हिरवा वेगळा ओळखू येत नाही. ही खोट बापाकडून लेकीत उतरते, पण लेकीत ती दिसत नाही, तिला रंग नीट दिसतात. मग तिच्या मुलांपैकी एखाद्यात ती वर येते. माझ्याकडून जमनाकडे, जमनाकडून छगनकडे. ग्रहणाचा संबंध नाही, भाजीचा नाही. मला ती माझ्या आईकडून आली, तिला तिच्या आईकडून. माझे धाकटे मामा आठवले. काकांच्या तेराव्याला ते लालभडक फेटा बांधून आले होते आणि दोन्ही घरांत वर्षभर बोलणं बंद होतं. मुलगा मामावर जातो, असं आपल्यात उगीच म्हणत नाहीत. प्रमिला हसली आणि म्हणाली, निम्मं शास्त्र तुम्ही लोकांनी आधीच शोधून ठेवलं आहे.

मी विचारलं, जिथे विचारता येत नाही असं तू म्हणत होतीस, ते घर हेच का?

ती म्हणाली, हो. पण नाना, त्यावर सही लागते. कागद मुंबईत फिरेल, आज ना उद्या इकडे कळेल. मिरचीच्या पारख्याला लाल रंग दिसत नाही, हे कळल्यावर माल कोण देणार? ती म्हणाली, हे वर्ष जाऊ द्या, पुढच्या वर्षी दुसरं घर शोधीन.

मी म्हटलं, उद्या बघू.

शुक्रवार, १० फेब्रुवारी

उद्या-परवा करत चार दिवस गेले. आज सकाळी मी तिला म्हटलं, काढ आपलाच. विसरवाडीच्या म्हातारीवर मी गाडीभर तोंडसुख घेतलं होतं, आणि मी तर पुरुषमाणूस. शिवाय लोक म्हणतात, बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर. माझी पोर म्हणेल, हा घ्या बाप.

ती दुपारभर आखत होती. मामा, मावशीचा मुलगा गोपाळ (त्याच्यातही हेच), मी, छगन, असे चार चौकोन भरायचे होते. माझ्या चौकोनाशी येऊन ती थांबली आणि तिने दौत माझ्यापुढे सरकवली. माझा चौकोन मीच भरला. जरा रेषेबाहेर गेलं. जमनाच्या गोलात तिने मधोमध एक ठिपका दिला, शेजारच्या गोलातही दिला. काहीतरी खूण असेल. खाली मी सही केली, पूर्ण नावाची, वळणदार. व्हर्नाक्युलर फायनलच्या परीक्षेतही इतकी चांगली केली नव्हती.

माझ्या अवगुणामुळे माझ्या लेकीचा अर्ज पुरा झाला. अवगुणाचा अभिमान वाटावा असा दिवस माझ्यावर आला, आणि खरंच वाटतो आहे.

रविवार, १९ फेब्रुवारी

दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा आपणच सांगावं म्हणून चुनीलालशेठना मी स्वतः सांगितलं. त्यांनी आधी इकडेतिकडे पाहिलं. म्हणाले, गिरधर, मला सांगितलंस ते सांगितलंस, पुढे बोलू नकोस. मी म्हटलं, कागद गेला मुंबईला. दोन दिवसांनी सुरतेचा व्यापारी दुसऱ्या दलालाच्या पथारीवर उभा दिसला, शेजारी चुनीलालशेठ. माझ्याकडे बघून त्यांनी छत्री उघडली. ऊन होतं म्हणा.

टवाळ पोरं मला हिरवी मिरची दाखवून "नाना, हाई केवढ्याले दिधी?" असं विचारतात. मी त्यांना म्हणतो, खाऊन बघ, मग सांगतो. आता पथारीवर मी उघडच म्हणतो, रंग भिकनला विचारा, बाकी मला. तळोदा-प्रकाशाकडचे शेतकरी मात्र येत राहिले. वाजणारं बी खोटं बोलत नाही, हे त्यांना माहीत आहे. भिकनची छाती इतकी फुगली आहे की सदऱ्याची बटणं लागत नाहीत.

शहाद्याची मंडळी मंगळवारी येऊन गेली. पोहे झाले, पसंती झाल्यासारखी वाटली. मग प्रमिलाने हट्ट धरला की मुलाशी ओसरीवर दोन शब्द एकटीने बोलायचे. आपल्यात असं नसतं, पण वकील म्हणाला चालेल. तो परत आला तेव्हा घड्याळाकडे बघत होता. अजून निरोप नाही. मुंबईचं शिक्षण ऐकून बिचकला असेल. नसेना का. ज्याला शिकलेली बायको झेपत नाही त्याने वकिली तरी कशाला करावी?

गुरुवार, १३ एप्रिल
मुंबईहून सुरतमार्गे परतताना, गाडीत

मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा मी नवीन धोतर काढलं. सुगंधाने टोपी निवडून दिली, पांढरी. म्हणाली, हीमा काही चुकाव नही.

काल सकाळी त्या इमारतीच्या व्हरांड्यात बाकावर बसलो होतो. किती मुली, किती मुलगे, सगळे इंग्रजीत बोलणारे. आमची प्रमिला नऊवारीतल्या आईची मुलगी, तेल लावून वेणी घातलेली. मला तिची काळजी वाटली नाही. खोटं कशाला लिहू, वाटली. मी सारखा हातातली टोपी फिरवत होतो.

तिला आत जाऊन बराच वेळ झाला आणि शिपाई बाहेर येऊन म्हणाला, गिरधर पाटील कोण? तुम्हाला बोलावलंय.

आत तिघं बसले होते, त्यात एक बाई, पिकल्या केसांच्या, मराठी बोलणाऱ्या. टेबलावर आमचा वंशवृक्ष पसरलेला. बाईंनी मला खुर्ची दिली आणि विचारलं, या कागदावरची सही तुम्ही समजून केलीत का? कोणी भाग पाडलं नाही ना? मी म्हटलं, बाई, सही तर केलीच, तो चौकोनही मीच भरला आहे, म्हणून रेषेबाहेर गेलाय. ते हसले. दुसरे साहेब म्हणाले, रंगाशिवाय मिरची कशी पारखता? मी त्यांना बी वाजवण्याचं सांगितलं. ते कान देऊन ऐकत होते. चुनीलालशेठ तिथे असायला हवे होते.

मग बाई प्रमिलाकडे वळल्या. "समजा, हे गृहस्थ तुमच्याकडे सल्ल्याला आले. तुम्ही काय सांगाल?"

प्रमिला म्हणाली, आधी मी त्यांना विचारीन की इतकी वर्षं त्यांनी कसं निभावलं, कारण तेही ज्ञानच आहे. मग सांगीन की यात कोणाचा गुन्हा नाही, ग्रहणाचा नाही आणि आईचा तर नाहीच. औषध नाही, पण जिवाला धोकाही नाही. आणि यांच्या लेकींना हे लग्नाआधी कळायला हवं, म्हणजे नंतर कोणी ते त्यांच्या तोंडावर फेकू शकणार नाही.

बाईंनी चष्मा काढला. "तुम्हीही यांच्या लेकच आहात."

"हो," प्रमिला म्हणाली. "दोघींत असणारच. हा शेजारचा ठिपका माझा आहे. माझ्या लग्नाचं बोलणं आलं तेव्हा मी आधी तेच सांगितलं."

दोन महिने मी छाती काढून फिरत होतो की लेकीसाठी मी माझं नाव पणाला लावलं. ठिपके दोन होते, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिले होते, आणि ते काही लाल-हिरवे नव्हते. ओसरीवर ती वकिलाला काय म्हणाली तेही आता कळलं. त्या कागदावर माझ्या आधी तिने स्वतःचं नाव पणाला लावलं होतं, आणि घरात सांगितलंही नव्हतं.

मघाशी गाडीत मी तिला म्हटलं, पोरी, तुझ्यातही आहे हे मला का सांगितलं नाहीस?

ती म्हणाली, "नाना, सांगती तं तुम्ही सही करतात का?"

नसती केली. स्वतःचा चौकोन भरला असता, पण तिचा ठिपका मी पुसून काढला असता. तसं मी तिला सांगितलं. ती खिडकीला डोकं टेकून झोपली आहे. मी तिच्याकडे बघत बसलो आहे. जमनाच्या वेळी मला जे बोलायला अठरा वर्षं आणि अख्खा ओटा लागला, ते हिने एका अनोळखी वकिलाला पोह्यांच्या ताटल्या वाळायच्या आत सांगून टाकलं. मी जन्मभर माल पारखला. माझ्या घरचा माल मला मुंबईत जाऊन कळला.

मंगळवार, ६ जून

निवड झाली. पोस्टमनला पेढा दिला, त्याच्या मागून आलेल्या कुत्र्यालाही दिला.

छगन महिन्याभरापासून माझ्याकडे आहे. मिरची कानाशी धरून हलवायला शिकतो आहे. हात माझ्यासारखाच आहे. रंग भिकन सांगतो. जमना परवा येणार आहे, प्रमिलाच्या पापड-लोणच्यांसाठी. तिच्या सासूने स्वतः पाठवते म्हणून निरोप धाडला. आंब्याचं लोणचं बरोबर देतील म्हणे. विहिणीच्या हाताला चव आहे, ते मान्य करायला हवं.

सोमवार, १९ जून

प्रमिला आज गेली.

स्टेशनवर निम्मा बाजार लोटला होता. कन्याशाळेच्या मुली होत्या, भिकन आणि त्याचे हमाल होते, खापरचे व्याही होते. चुनीलालशेठही दिसले. कोणाला तरी पोचवायला आलो म्हणत होते, पण हातात नारळ होता आणि तो त्यांनी प्रमिलाला दिला. मी तिला उपदेश करायचा ठरवला होता, पाठ करून ठेवला होता. तोंडातून एवढंच निघालं की जेवत जा. तिने डब्याच्या दारातून वाकून माझ्या पायांना हात लावायचा प्रयत्न केला, तो पोचला नाही, म्हणून मीच पाऊल उचलून डब्याच्या पायरीवर ठेवलं. लोक हसले. हसू देत.

शिट्टी झाली. गार्डाने झेंडी बाहेर काढली. इतकी वर्षं मी या फलाटावर उभा राहिलो आहे, झेंडी निघाली की लोक हलले तसा हललो आहे, कोणाला काही विचारलेलं नाही. आज सगळा बाजार मागे उभा असताना मी सुगंधाला मोठ्याने विचारलं, "कोन्ता रंगनी शे वं झेंडी?"

"हिरवी शे," ती तितक्याच मोठ्याने म्हणाली, आणि आमची प्रमिला मुंबईला निघाली.